खुशालीचं बटण

१

आमच्या जुन्नर-आंबेगावाकडं कुणी विचारलं, "काय, बरंय का?" तर "हो, बरंय" असं उत्तर द्यायची पद्धत नाही. एखादी तक्रार पुढं करायची. गुडघा धरलाय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, लाईट गेलीय, सून ऐकत नाही. तक्रार ऐकली की विचारणाऱ्याला कळतं, माणूस ठणठणीत आहे, आणि तो समाधानानं पुढं जातो. सगळं बरं आहे असं तोंडानं म्हणायचं नसतं. का नसतं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मी मात्र बिनदिक्कत म्हणायचे. पुण्याची नोकरी सोडून नारायणगावात आले, क्रेटच्या दुकानावरची खोली घेतली, दोन टेबलं टाकली. एक माझं, एक तालिबचं. तालिब जुन्नरचा, माझ्यापेक्षा लहान, कामाला वाघ आणि जिभेला हाड नसलेला. खाली दिवसभर टोमॅटोचे क्रेट आदळतात, जीपवाले गावांची नावं घेऊन ओरडतात, आणि वर बसून आम्ही कोड लिहितो. कुणी विचारलं की मी सरळ सांगायचे, लई सुखात आहे. ते ऐकलं की आई कपाळावर हात मारून घ्यायची.

आई म्हणजे ठकूबाई. मढला एकटी राहायची. माझ्याकडं चल म्हटलं की म्हणायची, तुज्या नारायणगावच्या पाण्याला चव न्हाई. तिच्यासाठीच मी 'खुशाली' केलं. म्हातारं माणूस सकाळी फोनवर एक चित्र दाबतं, आणि पुण्या-मुंबईतल्या लेकरांना कळतं की आज ते उठलंय, हिंडतंय. बस, एवढंच. पण एवढ्यानं कितीतरी घरं निवांत झोपायला लागली, आणि मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

पहिल्यांदा मी शहाणपणा करून एकच मोठं हिरवं बटण ठेवलं होतं, 'सगळं बरं हाय'. कुणी दाबेना. बोट बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं. तिकडं मुलं घाबरून मला फोन करायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बटणामागं आवाज ठेवायचा होता, म्हणून आईच्या स्वैपाकघरात बसून तिला म्हटलं, एवढं एक वाक्य बोल. तिनं तोंडाला पदर लावला.

"आसलं बोलाया लावू नगं मला."

मग डोक्यात उजेड पडला. हिरवं बटण काढून टाकलं आणि तक्रारींची चित्रं ठेवली. गुडघा, कंबर, झोप, लाईट आणि तोंड वाकडं केलेली सून. त्यांचा आवाज आईनं हौसेनं दिला. "गुडगा लई दुखतोय" हे तिनं असं काही म्हटलं की माझ्याच पायातून कळ गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळे दाबायला लागले. काहींचं तर एकानं समाधान होईना, ते सगळीच्या सगळी दाबायचे.

पण ते हिरवं वाक्य आई कधीच बोलली नाही. फोनपुढं नाही आणि एरवीही नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

२

एका सकाळी पुण्याहून समृद्धीचा फोन आला. तिचे वडील हौशीराम आहुप्याला एकटे राहतात. देवराईच्या अलीकडं घर. गडी न चुकता गुडघ्याचं चित्र दाबायचा. रेंज नसली तर अंगणातल्या दगडावर चढून दाबायचा आणि मग, दगडावर चढून गुडघा दुखला म्हणून परत दाबायचा.

समृद्धी हसत होती. "ताई, नवीन बटण टाकलंत का? आप्पांनी आज हिरवं दाबलंय."

मी म्हटलं, हिरवं बटण नाहीच आपल्याकडं. ती म्हणाली, इथं तर दिसतंय, आणि बोलतंय पण, तुमच्या आईच्या आवाजात. लॅपटॉपवर लावून तिनं मला ऐकवलं.

"सगळं बरं हाय."

आईच. शंकाच नाही. फक्त आई बोलताना मध्येच दम खाते, तसा इथं खाल्लेला नव्हता. वाक्य एकसारखं, गुळगुळीत. आणि त्यामागं हलकेच काहीतरी वाजत होतं. मी परत लावायला सांगितलं. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण होतं ते. आमच्याच घरातलं. त्याला एका बाजूला पोचा आहे, वाफ धरली की ते तिरकं होऊन वाजतं. ते ऐकत मी लहानाची मोठी झालेय.

हल्ली आवाजाची नक्कल करायला काय लागतं, असं मी समृद्धीला म्हटलं. स्वतःलाही म्हटलं. झाकणाचं काय करायचं ते मात्र कळेना.

३

आमच्या कोडमध्ये मी ते वाक्य शोधलं. नाही. तयार होऊन फोनवर जाते त्या फाईलमध्ये शोधलं. नाही. आवाजांच्या फाईली उघडल्या. गुडघा, कंबर, झोप, लाईट, सून. सहावी फाईल नव्हती. तरी हौशीरामांच्या नावापुढं हिरवं बटण दिसत होतं.

आम्ही लिहितो ते शेकडो तुकड्यांत असतं. ते सगळे शिवून फोनला एकच फाईल देतं त्या अवजाराला बंडलर म्हणतात. ते बंडलर कुणा परक्यानं केलेलं. त्यानं दुसऱ्याचे तुकडे वापरलेले, दुसऱ्यानं तिसऱ्याचे. तिसरा कोण, कुठला, हे कुणालाच माहीत नाही. खुशाली सुरू करताना घेतलेलं बंडलर आमच्याकडं अजून तेच होतं. चालतंय तर हात कशाला लावा, असं तालिबचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर माझंही. सुरक्षेची तपासणी चालवली की पडदा लालेलाल व्हायचा. अमका तुकडा जुना झाला, तमक्याला भोक आहे, ताबडतोब बदला. गळक्या नळाच्या टपटपीची सवय होते तशी आम्हाला त्याची झाली होती.

त्या दिवशी मी ती लाल पानं पहिल्यांदा नीट वाचली. अगदी तळाशी, चार ओळींच्या एका चिमुकल्या तुकड्यात भोक होतं. त्यातून कुणी आत शिरलं तर त्याचा हात थेट मुळाशी पोचतो. प्रोग्राममधली प्रत्येक गोष्ट ज्या एका गोष्टीपासून घडते, तिला तो बोट लावतो. मग कुठंही काही लिहायची गरज नाही, सगळ्यांना ते आपोआप लागतं. विरजणासारखं. शेजारणीकडून आणलेलं विरजण बिघडलेलं असलं की त्यातून लागणारं प्रत्येक दही तसंच, दूध कितीही चांगलं असू दे.

वाचून मला केवढं हायसं वाटलं. भोक आहे म्हणजे कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे बुजवता येतं.

तालिब म्हणाला, "ताई, चोर घरात शिरतो आन सगळं बरं हाय सांगून जातो? असला चोर आमच्याकडं पण पाठवा."

मी हसले. पण आज आप्पांना लागलंय ते उद्या कुणाला लागेल, हा विचार काही जाईना. आईचं नाव उघडून पाहिलं. गुडघा. जिवात जीव आला. आईच्या दुखण्यानं मला इतकं सुख कधी झालं नव्हतं.

४

जुनं काढायला घेतलं आणि आमची दैना सुरू झाली. एक तुकडा नवा केला की दुसरा रुसायचा. त्याची समजूत काढावी तर तिसरा आडवा पडायचा. खुशाली बंदच करून टाकू का, असंही मनात आलं. पण मग बाकीच्यांचं कळणार कसं?

त्यातच आहुप्याहून जानकूचा फोन आला. हौशीरामांचा शेजारी. समृद्धीनं त्याला डोकावून यायला सांगितलं होतं.

"ताई, म्हातारा चुलीपाशी निवांत बसलाय. पाय चुलीत व्हता त्याचा."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"पाय. इस्तवात. म्याच वढून काढला. कातडं गेलंय पार. आन ह्यो माज्याकडं बघून म्हणतोय, सगळं बरं हाय."

समृद्धी गाडी करून आली, घाईघाईत घराला कुलूप लावलं आणि आप्पांना पुण्याला घेऊन गेली. नंतर तिचा फोन आला, तेव्हा ती थोडी सावरली होती. पट्टी करताना आप्पांनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टर म्हणाले, सोशिक आहेत हो. घरात एका जागी बसून असतात, दिलं ते खातात, नातवंडांनी कितीही गोंधळ घातला तरी हसतात. त्यांचा फोन गडबडीत आहुप्यालाच राहिला, पण आता त्याची गरज काय?

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला. हौशीराम आणि सोशिक? साधं इंजेक्शन घ्यायचं तर त्या माणसाला धरायला माणसं लागायची.

५

आणि मग एका सकाळी आईच्या नावापुढं हिरवं आलं.

लगेच फोन लावला. उचलला गेला. मी म्हटलं, आई, गुडघा कसाय? पलीकडं काहीच नाही. मग झाकण वाजलं, आणि त्यामागून सावकाश ते वाक्य आलं. जे ती मेली तरी बोलली नसती ते.

तालिबचा चेहराही तेव्हा उतरला. मी त्याला सांगितलं, जुनं झाडून सगळं काढ. मोडायचं ते मोडू दे, पण मुळासकट काढ, आणि काढल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस. तो मान हलवून कामाला लागला. मी गाडी काढली. जुन्नर मागं टाकलं, गणेशखिंड चढले. एरवी खिंडीतून डोंगर दिसले की मन हलकं होतं. त्या दिवशी काय दिसलं ते आठवतही नाही. आई गेली तर काय करू, एवढाच विचार होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती गेलेली नसली तर काय करू.

६

ऊन चांगलं वर आलं होतं. आई ओटीवर बसली होती, लख्ख उजेडात, स्वच्छ लुगडं नेसून. मांडी घालून बसली होती. माझ्या आईला मांडी घालता येत नाही. कित्येक वर्षांत मी तिला पाय लांब केल्याशिवाय बसलेलं पाहिलेलं नाही.

मला पाहून ती हसली. आता येळ गावला व्हय, असं म्हणाली नाही. किती वाळलीस, असं म्हणाली नाही. मी विचारत गेले. गुडघा? कंबर? पलीकडची भांडखोर गेणूबाई? प्रत्येक वेळी तेच हसू आणि तेच वाक्य. डॉक्टरकडं न्यावं, मेंदूचं काही असेल, असं मी मनाशी म्हणत होते. म्हातारपणी होतं असं. खूप जणांना होतं.

चहा टाकला. माझ्या चहाला तिनं जन्मात चांगलं म्हटलेलं नाही, नुसतं पाणी हाय म्हणते. उकळता कप तिच्या हातात दिला आणि वाट बघत बसले, की आता फुंकर मारेल, बशी मागेल, नाक मुरडेल. तिनं कप तोंडाला लावला आणि तसाच रिकामा केला. फुंकर नाही, थांबणं नाही. रिकामा कप खाली ठेवला तेव्हा तिच्या उघड्या तोंडातून वाफ येत होती.

मी उठून आत आले. स्वैपाकघराच्या पलीकडं धान्याची खोली आहे. तिचं दार आई कधी लावत नाही, मांजराला जायला-यायला लागतं म्हणून. ते घट्ट ओढून घेतलेलं होतं. आईचा फोन फडताळात होता, तो मी हातात घेतला. पडदा काळा. चुलीवर पातेलं नव्हतं, आणि झाकण वाजत होतं.

तालिबचा फोन आला. "ताई, निघालं सगळं. एक पण लाल नाही. नवी फाईल सगळ्यांच्या फोनवर चढवू?"

"चढव."

झाकण थांबलं. घर इतकं गप्प झालं की माझाच श्वास मला मोठा वाटला. आणि बंद दाराआडून आवाज आला.

"परतिभा, आगं गुडगा लई दुखतोय. कुनी हाय का न्हाई तितं?"

माझी बुद्धी अजून वाद घालत होती. फोन वाजला असेल, भरून ठेवलेला आवाज असेल. पण फोन माझ्या हातात होता, बंद. आणि भरलेल्या आवाजात माझं नाव नव्हतं.

ओटीवरून, त्याच गळ्यातून, शांतपणे आलं, "सगळं बरं हाय."

मी दार ढकललं. आत काळोख. कणगीच्या मागं कुणीतरी पाय लांब करून बसलं होतं. मला फक्त गुडघ्यावर ठेवलेला हात दिसला आणि त्यातल्या बांगड्या दिसल्या. तो हात धरायचा की पळायचं? मी धरला. थंडगार होता. घाबरून मी तो जोरात ओढला असणार.

"हळू की. हात मोडतीस का आता माजा?"

असं माझ्याशी जगात एकच बाई बोलते. मला रडूच कोसळलं. तिला मागच्या दारानं बाहेर आणलं, गाडीत बसवलं. ओटीकडं बघितलं नाही. गाडी वळवताना आरशात मांडी घातलेले पाय दिसले. त्याच्या वर बघायचं धाडस झालं नाही.

रस्ताभर आई बोलत होती. शीट टोचतंय, वारा लागतोय, गाडी कशी चालवतीस. खिंड उतरल्यावर मी हळूच विचारलं, आई, झालं काय होतं?

"म्या हाका मारत व्हते," ती म्हणाली. "कुनी आयकतच न्हवतं."

७

आता आई माझ्याकडं आहे. दिवसभर ऑफिसात येऊन बसते. क्रेटचा आवाज डोक्यात जातो, पाणी मचूळ आहे, तालिबनं आणलेला चहा तर अगदीच पाणचट. तालिब मुद्दाम रोज विचारतो, आज कसाय चहा? ती रोज नाक मुरडते, आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसतो. मी इतकी सुखात कधीच नव्हते. पण आता कुणी विचारलं तर सांगते, डोकं दुखतंय. दुखत नाही, तरी सांगते.

मढच्या घराकडं मी परत गेले नाही.

खुशाली छान चालू आहे. नव्या बंडलरनं केलेली फाईल हलकीफुलकी आहे, तपासणी चालवली की पडदा पांढरा स्वच्छ. आईला आणल्यावर लगेचची गोष्ट. सकाळी मी सगळ्यांची नावं बघत होते. झोप, कंबर, सून, लाईट. खाली आहुपे, हौशीराम. गुडघा.

बघून मला आनंद झाला. म्हटलं, आप्पा आले ताळ्यावर. समृद्धीला फोन लावून तसं सांगितलं. ती गोंधळली. आप्पांचा फोन तर आहुप्याला आहे ना, ताई, आणि घराला कुलूप आहे. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

मी पडद्याकडं बघत होते. गुडघ्याखाली कंबर आली. मग झोप. मग परत गुडघा. कुणीतरी एकामागून एक सगळी बटणं दाबत होतं.

मी समृद्धीला म्हटलं, आप्पांना कडकडीत चहा दे, आणि फुंकर मारतात का बघ. का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी दे. तोवर तालिबनं त्याच्या फोनवरून, स्पीकर लावून, जानकूला गाठलं आणि कुलूप तोडायला सांगितलं. जानकू का-कू करत होता. तिथं कोन न्हाई ताई, मांजर कन्हतंय आत, म्या रोज आयकतोय. मग दगडाचे घाव ऐकू आले. आई हातातला कप तसाच धरून ऐकत होती.

कुलूप पडलं. दार करकरलं. जानकूची पावलं आत गेली आणि थांबली. आणि तालिबच्या फोनमधून, चिडका, थकलेला, रडवेला आवाज आला.

"किती येळ लावला रं? गुडगा मोडला माजा बसून बसून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तालिबनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. माझ्या फोनवर समृद्धीनंही तो आवाज ऐकला असणार, म्हणून मी माझाही स्पीकर लावला. ती अगदी हळू म्हणाली, "ताई, हा आप्पांचा आवाज आहे."

मी म्हटलं, हो.

"इथं चहा संपला. फुंकलं नाही." ती आणखी हळू बोलायला लागली. "मग माझ्यासमोर कोण बसलंय?"

आईनं कप खाली ठेवला.

"तिला म्हनावं, काई इचारू नगं त्याला. पोरं घेऊन बाहीर नीघ, आन दार वढून घे."

मी समृद्धीला तसंच सांगितलं. पलीकडं खुर्ची सरकली, मुलांची नावं घेतलेली ऐकू आली, मग पावलं. आम्ही तिघं कान देऊन उभे होतो. दार लागल्याचा आवाज काही येईना.